संडासाच्या भांड्याखाली काय होतं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

संडास, हात धुणं आणि पिण्याचं पाणी या विषयांवर वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. ज्यांना उत्तर मिळालं नाही त्यांनी रागावू नये, जागेची अडचण आहे.

प्रश्न : जगात ३४० कोटी लोकांना स्वच्छतेची सोय नाही असं एकीकडे वाचलं. दुसरीकडे लिहिलं होतं की उघड्यावर बसणारे आता ३५ कोटीच उरलेत. यातला खरा आकडा कोणता?

दोन्ही खरे आहेत. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ मिळून ही मोजणी करतात आणि त्यासाठी एक शिडी वापरतात. अगदी खालच्या पायरीवर उघड्यावर बसणं. त्यावर नुसता खड्डा किंवा बादली. मग धड बांधलेला, पण दोन-चार कुटुंबांत मिळून वापरला जाणारा संडास. त्यावरची पायरी म्हणजे एकाच कुटुंबाचा धड संडास, तिला ‘मूलभूत’ म्हणतात. सगळ्यात वरची पायरी ‘सुरक्षित व्यवस्थापित’ सेवेची. इथे पोहोचायचं तर मैला जागच्या जागी नीट जिरला किंवा कुजला पाहिजे, नाहीतर वाहून नेऊन त्यावर प्रक्रिया झाली पाहिजे. २०२४ च्या स्थितीनुसार सुमारे ३५ कोटी ४० लाख लोक तळाच्या पायरीवर आहेत आणि सुमारे ३४० कोटी लोक वरच्या पायरीपर्यंत पोहोचलेले नाहीत. म्हणजे या दोन आकड्यांच्या मधल्या बहुतेक लोकांकडे कसला ना कसला संडास आहे. तिथून पुढे मैल्याचं काय होतं, याची खात्री नाही.

पाण्याचंही तसंच. जाऊन, रांगेत उभं राहून, भरून परत यायला अर्ध्या तासाच्या आत जमत असेल आणि पाण्याचा स्रोत बरा असेल, तर ती सोय ‘मूलभूत’. ‘सुरक्षित’ म्हणवून घ्यायला पाणी आवारातच हवं, लागेल तेव्हा हवं आणि दूषित नसावं. यातलं एक तरी न मिळणारे सुमारे २१० कोटी. हात धुण्याच्या मोजणीत मात्र एक शहाणपणा आहे. ‘हात धुता का?’ असं विचारलं तर सगळेच हो म्हणतात, म्हणून पाहणी करणारा माणूस ‘कुठे धुता ते दाखवा’ म्हणतो आणि तिथे पाणी व साबण आहे का ते स्वतः बघतो.

प्रश्न : घरात संडास आहे, सगळे तोच वापरतात, पाणी उकळून पितो. तरी दोन वर्षांच्या मुलाला वरचेवर जुलाब होतात. चुकतंय कुठे?

मैल्यातले जंतू तोंडापर्यंत पोहोचायला पाच वाटा आहेत : पाणी, बोटं, माश्या, माती आणि अन्न. संडास आणि उकळलेलं पाणी यांनी त्यातल्या एक-दोन वाटा अडतात. उरलेल्या कोणत्या उघड्या आहेत ते शोधायचं.

पहिली शंका बाळाच्या शीवर घ्या. लहान मुलाची शी ‘निर्मळ’ असते असं पुष्कळ घरांत धरून चालतात. लंगोट मोरीत धुतला जातो किंवा शी अंगणाच्या कडेला टाकली जाते. प्रत्यक्षात जुलाब लहान मुलांना जास्त होतात, त्यामुळे त्यांच्या शीत रोगजंतूही पुष्कळ असतात. ती संडासातच गेली पाहिजे. लंगोट धुतलेलं पाणीही तिथेच ओतायचं. आणि बाळाला धुणाऱ्या माणसाने त्यानंतर साबणाने हात धुवायचे. यातली शेवटची पायरी सगळ्यात जास्त वेळा गळते.

दुसरी शंका, उकळल्यानंतर पाण्याचं काय होतं? उकळून गार केलेलं पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात ओतलं आणि त्यात पेला बुडवला, की पेल्याबरोबर बोटंही बुडतात. पाणी उकळताना जंतू मेले, पण नव्याने पडणाऱ्या जंतूंना रोखणारं त्यात काही उरलेलं नसतं. भांडं अरुंद तोंडाचं आणि खाली तोटीचं असावं. ते जमत नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं ठेवावं, आणि ओगराळंही स्वच्छ खुंटीला टांगावं, जमिनीवर टेकवू नये.

तिसरी शंका शेजाऱ्यांवर, आणि ही घरात बसून सुटत नाही. बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वे इथे मोठे अभ्यास झाले, निष्कर्ष २०१८-१९ मध्ये प्रसिद्ध झाले. हजारो कुटुंबांना सुधारलेले संडास, हात धुण्याची सोय आणि पाण्यासाठी क्लोरीन दिलं. बांगलादेशात मुलांचे जुलाब कमी झाले, इतर दोन ठिकाणी झाले नाहीत. आणि मुलांच्या उंचीत तर तिन्ही देशांत या सोयींमुळे फरक पडला नाही. यावरून ‘संडास निरुपयोगी’ असा अर्थ काढणारेही निघाले. आम्हाला तो पटत नाही. अंगणात कोंबड्या-गुरांची विष्ठा असेल आणि आजूबाजूच्या घरांचा मैला उघडाच असेल, तर एका घराला दिलेली साधी सोय तोकडी पडते, हे याचं जास्त सरळ स्पष्टीकरण आहे. रांगत्या मुलासाठी धुता येईल अशी सतरंजी किंवा फरशीचा कोपरा राखून ठेवणं, हा त्यातल्या त्यात घरच्या घरी होणारा उपाय.

जुलाब सुरू झाले की क्षारसंजीवनी लगेच द्या. तयार पुडी नसेल तर एक लीटर पिण्याच्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त पडणं हे साखर कमी पडण्यापेक्षा धोक्याचं, म्हणून चमचा बोटाने सपाट करा. शीत रक्त, डोळे खोल जाणं, मूल सुस्त पडणं, लघवी न होणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका, डॉक्टर गाठा.

प्रश्न : संडासाचा शोषखड्डा किती मोठा आणि किती खोल घ्यावा? विहिरीपासून किती लांब?

आधी अंतर. सर्वसाधारण नियम असा की खड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान ३० मीटर लांब असावा आणि खड्ड्याचा तळ भूजलाच्या पातळीपेक्षा निदान दीड मीटर वर असावा. पातळी पावसाळ्यातली धरायची. उन्हाळ्यात खणून ‘पाणी लागलं नाही’ असं म्हणणारे पावसाळ्यात फसतात. जंतू मरतात ते मातीच्या कणांमधून पाणी सावकाश झिरपताना, तेव्हा या अंतराचा खरा अर्थ वेळ असा आहे. बारीक वाळूमिश्रित मातीत हा वेळ भरपूर मिळतो. तडे गेलेल्या खडकात किंवा चुनखडीत पाणी भेगांमधून धावतं, तिथे ३० मीटरही अपुरे पडतात. उतार असेल तर विहीर वरच्या अंगाला, खड्डा खालच्या अंगाला.

आता माप. पाण्याने धुण्याची सवय असलेल्या घरात, पाणी जिरून आणि मैला कुजून माणशी वर्षाला सुमारे ४० लीटर गाळ उरतो. पाच माणसं आणि तीन वर्षं धरली तर ६०० लीटर. एक मीटर व्यासाच्या गोल खड्ड्यात एवढा गाळ साधारण ७६ सेंटीमीटर उंची घेतो. वर पाइपाच्या खाली ४० ते ५० सेंटीमीटर मोकळी जागा सोडली की खोली सव्वा मीटरच्या आसपास येते. बस. लोक हौसेने तीन-तीन मीटर खणतात. त्यात पैसे तर जातातच, शिवाय तळ भूजलाच्या जवळ पोहोचतो. खोल एका खड्ड्यापेक्षा उथळ दोन केव्हाही बरे.

दोन खड्ड्यांचं तंत्र असं : संडासाच्या भांड्यापासून निघालेला पाइप एका छोट्या चेंबरमध्ये येतो आणि तिथून दोन फाटे फुटतात. एका वेळी एकच फाटा उघडा, दुसरा वीट आणि चिखलाने बंद. पहिला खड्डा भरला की फाटा बदलायचा आणि भरलेला खड्डा निदान दोन वर्षं तसाच ठेवायचा. तोवर त्यातला मैला काळपट, भुसभुशीत, वास नसलेल्या मातीसारखा होतो. ही दोन वर्षं जंतांच्या अंड्यांसाठी आहेत. बाकीचे बहुतेक जंतू त्याआधीच मरतात, पण गोलकृमीची अंडी चिवट असतात.

बिघडतं ते बहुधा पुढच्या कारणांनी. दोन्ही फाटे उघडे राहतात, दोन्ही खड्डे एकदमच भरतात आणि मग ताजा मैला उपसायची वेळ येते. किंवा गवंडी ‘पक्कं काम’ म्हणून खड्ड्याच्या भिंती आतून सिमेंटने लिंपतो. भिंतीत विटांच्या मध्ये जाळीसारख्या फटी ठेवायच्या असतात, पाणी तिथूनच जिरतं. लिंपलेला खड्डा ही टाकीच झाली, ती दोन-तीन महिन्यांत तुडुंब. तिसरं कारण, न्हाणीघराचं पाणी याच खड्ड्यात सोडणं. आणि भांडं साध्या, कमी उताराचं घेतलं की दर वेळी बादलीभर पाणी ओतावं लागतं, तेही शेवटी खड्ड्यातच जातं. या कामासाठी २५ ते २८ अंश उताराचं भांडं आणि सुमारे २० मिलीमीटर जलबंधाचा ट्रॅप (भांड्याखालची वळणदार नळी, तिच्यात साठून राहिलेलं पाणी वास अडवतं) मिळतो, त्याला दीड-दोन लीटर पाणी पुरतं. वास येतो म्हणून खड्ड्यात फिनेल ओतू नका. मैला कुजवणारे जिवाणूच त्याने मरतात.

प्रश्न : खड्ड्याच्या संडासाला खड्ड्यातून छपरावर जाणारा हवेचा पाइप लावूनही वास आणि माश्या कमी होत नाहीत.

तुमचा संडास बिनपाण्याचा, थेट खड्ड्यावरचा आहे असं धरतो. तिथे पाइपाचं काम दुहेरी असतं. १९७० च्या दशकात झिंबाब्वेतल्या ब्लेअर प्रयोगशाळेत पीटर मॉर्गन यांनी हा नमुना बसवला. पाइपाच्या तोंडावरून वारा वाहिला की खड्ड्यातली हवा वर ओढली जाते, आणि तिच्या जागी खोलीतली हवा बसायच्या भोकातून खाली जाते. म्हणून खोलीत वास राहत नाही. आणि माश्या उजेडाकडे जातात. खोली अंधारी असेल तर खड्ड्यातल्या माशीला उजेड दिसतो तो पाइपाच्या वरच्या टोकाला. तिथे जाळी असते. माशी तिथेच अडकून मरते.

हे कळलं की बिघाड शोधणं सोपं. खोलीला मोठी खिडकी आहे किंवा दार उघडंच राहतं? मग खड्ड्यातल्या माश्यांना उजेड बसायच्या भोकातूनच दिसतो आणि त्या तिथूनच बाहेर येतात. भोकावर झाकण ठेवलंय? काढा. या एका प्रकारात झाकण नको, त्याने हवेचा प्रवाह तुटतो. पाइप छपराच्या निदान अर्धा मीटर वर गेलाय का, झाडाच्या फांद्यांत तर नाही ना? आतला व्यास १५ सेंटीमीटर हवा. स्वस्तात मिळतो म्हणून बारीक पाइप लावला तर हवा पुरेशी ओढली जात नाही. जाळीला साधारण सव्वा ते दीड मिलीमीटरची छिद्रं असावीत, आणि साधी लोखंडी जाळी नको, खालून येणाऱ्या वायूंनी ती लवकर गंजते. बऱ्याचदा पाइपात कोळ्यांनी जाळी विणलेली सापडतात. वरून बादलीभर पाणी ओतलं की पाइप साफ.

पाणी टाकून वापरायच्या संडासात मात्र वास आला तर ट्रॅप तपासा. बरेच दिवस न वापरल्याने त्यातलं पाणी उडून गेलेलं असतं, तांब्याभर ओतलं की झालं.

प्रश्न : सेप्टिक टँक साफ करायला माणूस उतरवावा का? झाकण तासभर उघडं ठेवलं तर चालतं असं सांगतात.

नाही. कोणी काहीही सांगितलं तरी नाही.

टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो, मिथेन साचतो आणि ऑक्सिजन कमी असतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे १०० भाग झाले की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते, हे फार थोड्यांना माहीत असतं. ‘आता वास येत नाही, म्हणजे वायू गेला’ हा समज माणसं मारतो. झाकण तासभर उघडं ठेवून वरची हवा थोडी बदलते. हा वायू हवेपेक्षा जड, आणि बराचसा तर गाळातच अडकलेला असतो. पाय पडला किंवा फावडं फिरलं की एकदम सुटतो. दोन-तीन श्वासांत माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा. अशा अपघातांत वाचवायला उतरलेलेच पुष्कळदा जास्त मरतात. नाकाला फडकं किंवा धुळीचा मास्क बांधल्याने काहीही होत नाही. दिवा सोडून बघण्याची जुनी युक्तीही करू नका, मिथेन पेट घेतो.

उपसा वरूनच, व्हॅक्यूम पंपाच्या टँकरने करायचा. तळाचा गाळ आणि वरची साय मिळून टाकीची एक तृतीयांश उंची भरली की वेळ झाली समजा. लांब काठीला पांढरं फडकं गुंडाळून तळापर्यंत बुडवलं की गाळ कुठवर आहे ते फडक्यावर दिसतं, त्यासाठी आत डोकावावं लागत नाही. कोणी कोसळलंच तर उतरू नका. अग्निशमन दलाला बोलवा आणि इतरांना लांब ठेवा.

टँकर भरून गेल्यावर तो कुठे रिकामा होतो, हेही विचारत चला. हैतीमध्ये २०१० च्या ऑक्टोबरात पटकी (कॉलरा) पसरली. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या एका तळावरचा मैला नदीच्या उपप्रवाहात मिसळला होता. आठ लाखांवर लोक आजारी पडले, सुमारे दहा हजार मेले. तळावर संडास होते, मैल्याच्या विल्हेवाटीत हलगर्जी झाली. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी हैतीच्या जनतेची माफी मागितली.

प्रश्न : पाणी हा मानवी हक्क आहे ना? मग त्याचं बिल का?

२८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क मानला. बाजूने १२२ मतं, विरोधात शून्य, ४१ देश तटस्थ. हक्क म्हणजे फुकट असा त्याचा अर्थ नाही. परवडेल अशा दरात मिळावं आणि पैसे नाहीत म्हणून कोणी पाण्यावाचून राहू नये, असा आहे. पंप, पाइप आणि क्लोरीन यांचा खर्च कोणीतरी करतंच. तो कोणावर किती पडावा, यावर भांडायला जरूर जागा आहे.

प्रश्न : आमचं पाणी नितळ आहे. तरी शुद्ध करावं का? उकळणं, क्लोरीन, ऊन यांतलं बरं काय?

नितळ दिसणं आणि पिण्याजोगं असणं यांचा संबंध फार कमी. नितळ पाण्यात जंतू असू शकतात आणि विषारी क्षारही. बांगलादेशात तळी-नद्यांचं दूषित पाणी टाळण्यासाठी १९७० च्या दशकापासून कूपनलिका खणल्या. पाणी गार, नितळ, जुलाबाच्या जंतूंच्या दृष्टीने बरं. त्यात आर्सेनिक आहे हे १९९३ मध्ये उघडकीला आलं, तोवर कोट्यवधी लोक ते पीत होते. मग नळकूपांची तपासणी करून वाईट लाल आणि चांगले हिरवे रंगवले. आर्सेनिक असेल तर उकळून उपयोग नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. तेव्हा बोअरचं पाणी पीत असाल तर एकदा प्रयोगशाळेतून आर्सेनिक, फ्लोराइड आणि नायट्रेट तपासून घ्या. पुढचे उपाय जंतूंसाठी आहेत.

उकळणं सगळ्यात खात्रीचं. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे, समुद्रसपाटीपासून २००० मीटरच्या वर राहत असाल तर तीन. दहा-वीस मिनिटं उकळत ठेवण्यात इंधन जळतं, पाणी जास्त शुद्ध होत नाही. दोष एकच, वर सांगितला तो : उकळलेलं पाणी पुन्हा सहज दूषित होतं.

क्लोरीनचं बलस्थान नेमकं तिथेच आहे, ते पाण्यात शिल्लक राहून पहारा करतं. घरगुती ब्लीच ५-६ टक्क्यांचं असेल तर लीटरला २ थेंब, ढवळून ३० मिनिटं थांबायचं. पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्या, दाट कापडाने गाळा आणि ४ थेंब घाला. गढूळ पाण्यातला गाळच क्लोरीन खाऊन टाकतो, जंतूंसाठी उरत नाही. अर्ध्या तासाने अगदी हलका क्लोरीनचा वास आला पाहिजे. नाही आला तर तेवढेच थेंब पुन्हा घालून आणखी १५ मिनिटं थांबा. ब्लीच सुगंधी किंवा साबणमिश्रित नसावं, आणि उन्हात पडलेली जुनी बाटली नको, त्यातलं क्लोरीन उडून गेलेलं असतं. क्लोरीनला एक जीव मात्र दाद देत नाही, क्रिप्टोस्पोरिडियम. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात क्लोरीन घातलेल्या नळाच्या पाण्यातूनच तो पसरला आणि सुमारे चार लाख लोक आजारी पडले. घरात कोणाची प्रतिकारशक्ती कमी असेल तर उकळणंच बरं.

उन्हाचा उपाय इंधन आणि ब्लीच दोन्ही नसेल तेव्हाचा. पारदर्शक, बिनरंगी, दोन लीटरपर्यंतची प्लास्टिकची पेय-बाटली भरून आडवी ठेवायची, सहा तास कडक ऊन. आभाळ अर्ध्याहून जास्त भरलेलं असेल तर दोन पूर्ण दिवस. संततधार पावसात हा उपाय नाहीच. पाणी पुरेसं नितळ आहे का हे बघायला बाटली वर्तमानपत्रावर उभी ठेवा आणि तोंडातून खाली बघा. मथळा वाचता आला तर चालेल.

प्रश्न : नळ नसलेल्या जागी हात धुण्याची सोय कशी करावी? सॅनिटायझरने भागेल का?

सॅनिटायझर साबणाला पर्याय नाही. हाताला माती, तेल किंवा घाण असेल तर ते पोहोचत नाही, आणि उलट्या-जुलाबाचा नोरोव्हायरस त्याला फारसा जुमानत नाही. जंतुनाशक साबणाचीही गरज नाही. कराचीतल्या वस्त्यांमध्ये झालेल्या एका अभ्यासात (२००५) साबणाने हात धुवायला लावलेल्या घरांत पाच वर्षांखालच्या मुलांचा न्यूमोनिया आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांचे जुलाब सुमारे निम्म्यावर आले, आणि साधा साबण जंतुनाशक साबणाइतकाच उपयोगी ठरला.

आता सोय. पाच लीटरचा हँडलचा प्लास्टिक कॅन घ्या. बुचाच्या खाली दहा-बारा सेंटीमीटरवर तापवलेल्या खिळ्याने दोन-तीन बारीक भोकं पाडा. बुचाला एक भोक पाडून त्यातून दोरी ओवा आणि आतल्या बाजूला काडी बांधून अडकवा. दोन बेचक्याचे खांब अर्धा मीटर खोल पुरा, त्यावर आडवी काठी, काठीत कॅनचं हँडल ओवलेलं. दोरीचं खालचं टोक जमिनीजवळच्या एका काठीला बांधा. ती काठी पायाने दाबली की कॅन पुढे कलतो आणि बारीक धार येते. पाय सोडला की कॅन आपोआप सरळ. हात कशालाच लावावा लागत नाही, हे त्यातलं मर्म. साबण जाळीत घालून शेजारी टांगा. नुसता ठेवला तर पाण्यात विरघळतो किंवा गायब होतो. त्याऐवजी दीड लीटर पाण्याच्या बाटलीत ३० ग्रॅम कपड्यांची पावडर विरघळवून बुचाला भोक पाडलं तरी चालतं, आणि चोरीला जात नाही.

भोकं मोठी झाली तर कॅन पाच-दहा जणांतच रिकामा होतो. दोरी आखूड असली तर कॅन सतत झुकलेला राहतो आणि गळतो. खाली खडी पसरली नाही तर चिखल होतो, आणि चिखल झाला की लोक फिरकत नाहीत. पण या सोयी बंद पडतात ते बहुतेक वेळा एकाच कारणाने : कॅन भरायचं काम कोणाचं, हे ठरलेलं नसतं.

साबण लावून तळहात, मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं असं २० सेकंद चोळा. साबण मिळतच नसेल तर चुलीतली राख, पण तो नाइलाज समजा.

प्रश्न : मी शाळेत शिकवते. मुलींसाठी तीन संडास आहेत, मुली दोनशे. संडास कमी आहेत असं म्हटलं तर ‘तीन आहेत की’ असं उत्तर येतं.

जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण २५ मुलींमागे एक असं आहे. मुलांसाठी ५० मागे एक, शिवाय मुतारी. म्हणजे तुम्हाला आठ हवेत. पण प्रमाण सांगण्यापेक्षा हिशेब मांडा. मधली सुट्टी पंधरा मिनिटांची, एकीला दोन मिनिटं लागतात. तीन संडासांत एकवीस मुलींचा नंबर लागतो. उरलेल्या काय करतात? सकाळपासून पाणीच पीत नाहीत. डोकं दुखणं, वर्गात पेंगणं आणि लघवीच्या जागी जंतुसंसर्ग, हे त्यातून येतं. सुट्ट्या वर्गवार वेगवेगळ्या वेळी देणं हा बिनखर्चाचा उपाय उद्यापासून करता येईल.

पाळीसाठी संडासात काय हवं, याची यादी लहान आहे, तरी त्यातलं काही ना काही हमखास राहून जातं. आतून लागणारी कडी. भिंतीत फटी नसणं. पाणी आत, बाहेरच्या टाकीवर नव्हे : डागाळलेले हात किंवा कपडा सगळ्यांसमोर धुवायची वेळ येऊ नये. कपडे आणि दप्तर अडकवायला खुंटी. झाकणाचा डबा आणि तो रोज रिकामा करणारी ठरलेली व्यक्ती. डबा नसेल तर पॅड भांड्यात जातं, ट्रॅपमध्ये फुगतं आणि संडास तुंबतो. मग दोष मुलींना दिला जातो.

आणि एक गोष्ट बघून ठेवा. तीनपैकी एकाला कुलूप आहे का, आणि असेल तर त्याची किल्ली कोणाकडे असते? ‘पाहुण्यांसाठी’ राखलेला संडास मोजणीत धरलेला असतो. त्याचं कुलूप काढलं तर त्याच सुट्टीत आणखी सात मुलींचा नंबर लागतो.